गॅरेजच्या बिलातला ऐंशी वर्षांचा इतिहास

गाडी ठोकली की गॅरेजमध्ये एक संवाद हमखास ऐकू येतो. "अहो, माझा फुल इन्शुरन्स आहे, मग हे पैसे माझ्याकडून कसले घेताय?" मॅनेजर म्हणतो, "साहेब, सर्व्हेअरने कापलेत." सर्व्हेअर म्हणतो, "नियम आहे." नियम कुठून आला, हे कुणी सांगत नाही. आपण चरफडत पैसे भरतो आणि गाडी घेऊन घरी येतो.

हा नियम कुठून आला, ते आज बघू. पोस्ट लांब आहे, पण पैसा तुमचाच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे गाडीचा विमा सक्तीचा झाला तो गाडीसाठी नव्हेच. तो झाला रस्त्यावरच्या माणसासाठी. ब्रिटनमध्ये 1930 च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टने ही सक्ती आणली. कारण साधं होतं. मोटारीने माणूस मरायचा, कोर्ट भरपाईचा हुकूम द्यायचं आणि मोटारवाल्याच्या खिशात काहीच नसायचं. हुकूमनामा हातात, घरात चूल बंद. आपल्याकडे तीच कल्पना 1939 च्या मोटार वाहन कायद्यात आली. विम्याचं प्रकरण मात्र महायुद्ध संपल्यावर, 1 जुलै 1946 पासून लागू झालं. थर्ड पार्टी विमा म्हणतो तो हाच. पहिली पार्टी तुम्ही, दुसरी कंपनी आणि तिसरा तो बिचारा रस्त्यावरचा.

पुढची दहा वर्षं तरी त्या तिसऱ्याला दिवाणी कोर्टाचेच उंबरठे झिजवावे लागत होते. 1956 च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय झाली. आज जिल्हा कोर्टात 'एमएसीटी' अशी पाटी दिसते, ती त्याचीच. पण न्यायाधिकरण आलं म्हणून न्याय झटपट आला असं नाही. 1960 च्या डिसेंबरात नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार झाडावर आदळली. ती एका कंपनीच्या मालकीची होती, चालवत होता तिचाच मॅनेजर, आणि सोबत बसलेले एक गृहस्थ त्यात गेले. त्यांच्या पत्नी-मुलांचा दावा सुप्रीम कोर्टात निकाली निघाला 1977 साली. कोर्टाने म्हटलं, गाडी आपोआप रस्ता सोडून झाडावर जात नाही, तेव्हा चूक नव्हती हे मालकाने दाखवावं. मालकावर जबाबदारी आली. विमा कंपनीची जबाबदारी मात्र 15,000 रुपयांवर थांबली. कारण खासगी गाडीत फुकट बसलेल्या पाहुण्याचा विमा कायद्याने सक्तीचा नव्हता आणि पॉलिसीत प्रवाशासाठी तेवढीच रक्कम लिहिलेली होती. एक घर सोळा वर्षांहून जास्त काळ कोर्टात होतं, आणि शेवटी महत्त्वाची ठरली पॉलिसीतली एक ओळ.

ही गोष्ट जुनी झाली म्हणून सोडू नका. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर आपल्याच गाडीत बसवलेल्या मेव्हण्याचा, शेजाऱ्याचा प्रश्न आजही अडकतो. पॅकेज पॉलिसीत तो सुटतो. दोन पॉलिसींमधला फरक फक्त गाडीच्या पत्र्याचा नाही, तो हा आहे.

1982 साली आणखी एक पाऊल पडलं. चूक कुणाची हे ठरण्याआधीच मृत्यूसाठी 15,000 आणि कायमच्या अपंगत्वासाठी 7,500 रुपये द्यायची तरतूद झाली. ठोकून पळून गेलेल्या गाडीच्या बळींनाही मदत सुरू झाली, मृत्यूला 5,000. आता, 1 एप्रिल 2022 पासून, तीच मदत मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50 हजार आहे. किती जणांना हे माहीत आहे? गाडीचा नंबर मिळाला नाही म्हणून कपाळाला हात लावून बसलेली घरं आपल्याच तालुक्यात निघतील.

आता गाडीच्या दुरुस्तीकडे येऊ. हा भाग कायद्याच्या सक्तीचा नाही. तो तुमच्या आणि कंपनीच्या करारातला आहे. पण तो करार कित्येक दशकं देशभर एकाच छापाचा होता. 1968 च्या दुरुस्तीने विमा कायद्यात टॅरिफ समिती आली आणि परवानाधारक सर्व्हेअरची गरज आली. मोठ्या नुकसानीचा क्लेम सर्व्हेअरच्या अहवालाशिवाय द्यायचा नाही. त्याच दुरुस्तीने हेही ठरलं की हप्ता आधी जमा झाल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. "एजंटला सांगितलं होतं, पैसे उद्या देणार होतो" हे चालत नाही, ते म्हणूनच. 1973 च्या सुरुवातीला शंभरावर कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. दर एकच, अटी एकच आणि घसाऱ्याचा तक्ताही एकच.

तुमच्या बिलावर कात्री चालते ती या तक्त्याने. रबर, प्लॅस्टिक, नायलॉन, टायर, बॅटरी यांचे निम्मे पैसे. फायबरचे तीस टक्के कापायचे. काचेचं काही कापायचं नाही. पत्रा आणि बाकीच्या भागांचं गाडीच्या वयानुसार: पहिले सहा महिने शून्य, एक वर्षापर्यंत 5 टक्के, मग 10, 15, 25, 35, पाच वर्षांनंतर 40 आणि दहा वर्षांनंतर 50. मागचा विचार असा की विम्याने तुम्हाला अपघाताच्या आधीच्या जागी आणून ठेवावं, त्यापेक्षा वर नाही. जुन्या दरवाजाच्या जागी नवा दरवाजा आला, तर त्यातला नवेपणा तुमच्या खर्चाने. ज्या काळात बंपर लोखंडाचे होते, त्या काळी प्लॅस्टिकची ओळ फारशी टोचत नव्हती. आज गाडीचा अख्खा चेहराच प्लॅस्टिकचा आहे. गाडी बदलली, तक्ता तोच राहिला, आणि फरक आपल्या खिशातून जातो.

हिशोब करून बघू. समजा गाडी साडेतीन वर्षांची. बंपर 8,000, दरवाजा 12,000, काच 6,000, मजुरी 9,000, पेंटिंग 10,000. जीएसटी बाजूला ठेवू. एकूण 45,000. बंपरचे 4,000 कापले. दरवाजाचे 25 टक्क्यांनी 3,000. काच आणि मजुरी पूर्ण. पेंटिंगमध्ये फक्त रंगाच्या मालावर निम्मी कपात आहे, आणि एकत्रित बिल असेल तर माल चौथा हिस्सा धरतात. म्हणजे 2,500 च्या निम्मे, 1,250. वर लहान इंजिनच्या गाडीला सक्तीचे 1,000. तुम्ही भराल 9,250, कंपनी 35,750. याहून बरंच जास्त मागितलं, तर प्रत्येक ओळ विचारा. पेंटिंगच्या पूर्ण रकमेवर निम्मी कपात केलेली असेल, तर ती चूक आहे, आणि ती तुम्हालाच पकडावी लागेल.

1 जानेवारी 2007 पासून दुरुस्तीच्या विम्याचे दर मोकळे झाले आणि पुढे काही वर्षांत 'झिरो डेप' आलं. जादा हप्ता भरा, घसाऱ्याची कात्री नको. थर्ड पार्टीचे दर मात्र आजही सरकारच ठरवतं. हा भेद ऐंशी वर्षांपूर्वीचाच: तिसऱ्या माणसाचं रक्षण समाजाचं काम, पत्र्याचं रक्षण तुमचा सौदा.

यातून करायचं काय? चार गोष्टी सांगतो.

गाडी खोलण्याआधी कंपनीला कळवा, फोटो काढा. सर्व्हे होण्याआधी गॅरेजवाल्याने भाग बदलले, तर भांडायला पुरावाच राहत नाही.

सर्व्हे अहवालाची प्रत मागा. तो तुमच्याच क्लेमचा कागद आहे, कंपनीचं गुपित नाही. दुरुस्तीचा खर्च जाहीर विमा मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, 75 टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरली जाते. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढू नका.

पैसे मिळाल्याच्या पावतीवर "पूर्ण समाधान" अशी सही घेतली, म्हणून दाद मागायचा हक्क संपत नाही. विमा नियामकाने 2015 साली कंपन्यांना हे स्पष्ट सांगितलं आहे. विमा लोकपालाची कार्यालयं मुंबई आणि पुण्यात आहेत, तिथे तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आणि माणूस जखमी झाला असेल, तर चौकात पाच-दहा हजारांत मिटवू नका. पोलिसांत नोंद करा. 2019 च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे. आधी हॉस्पिटल, मग नातेवाईक, मग सगळं निवळल्यावर बघू, असं म्हणता म्हणता ती निघून जाते.

एक शेवटचं. बिनविम्याच्या गाडीला पहिल्यांदा पकडलं तर दंड 2,000 रुपये. लोक म्हणतात, परवडतो. पण 1946 पासून ही सक्ती दंड भरून घेण्यासाठी नाही. तुमच्या स्कूटरसमोर अचानक आलेल्या त्या पोराच्या आईच्या हातात कोर्टाचा नुसता कागद राहू नये, म्हणून आहे. आज घरी गेलात की कपाटातली पॉलिसी काढा आणि तारीख बघा. संपली असेल, तर उद्या गाडी बाहेर काढू नका.