काच, रबर आणि दोरी

इतिहास म्हटला की आपल्याला गड, तख्त आणि तहनामे आठवतात. पण काही इतिहास गॅरेजच्या फरशीवरही घडतो. जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या समोरच्या काचेला नवे रबर बसवताना पाहिले, तेव्हा मला हे पटले.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट तयार होऊ लागली. १९६४ साली आलेली फियाट ११०० डिलाइट १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. मुंबईने तिला काळ्या-पिवळ्या रंगात आपलेसे केले.

या गाडीची काच पत्र्याला थेट भिडत नाही. खड्ड्यात चाक आदळले की पत्रा थोडा पिळतो. काच पिळत नाही, तडकते. म्हणून दोघांच्या मध्ये रबर लागते. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स गुडइयर यांना ते गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. तिच्याशिवाय हे काम शक्यच नव्हते.

काचेच्या रबराला दोन खाचा असतात. एकीत काच बसते, दुसरीत पत्र्याची कड. उस्ताद आधी जुने रबर कापून काच काढतात, कडेचा गंज घासतात. गंज तसाच राहिला तर नवे रबरही पावसाळ्यात गळणार. मग काचेभोवती रबर चढवून बाहेरच्या खाचेत मजबूत दोरी घालतात. तिची दोन्ही टोके खाली मधोमध, गाडीच्या आतल्या बाजूला सोडतात. वर साबणाचे पाणी लावतात. ऑइल-ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगते. आता माणसे दोन हवीत. बाहेरचा तळहाताने काच दाबतो, आतला दोरी हळूहळू ओढतो आणि रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. एकाने घाई केली तर काच गेली!

भाषेच्या शिक्षकाला इथे आणखी एक गंमत दिसते. उस्ताद आणि कारीगर फारसीतून आले, मिस्त्री पोर्तुगीजातून, रबर इंग्रजीतून आणि दोरी आपल्या मातीतली. एका काचेभोवती एवढ्या भाषा नांदतात आणि कोणी कोणाला परके म्हणत नाही.

आजच्या बहुतेक गाड्यांची काच थेट पत्र्याला चिकटवतात. ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादेमुळे पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. कारखाना काढणाऱ्याचे नाव पुस्तकात आले. पण तिला पावसाळ्यामागून पावसाळे कोरडी ठेवणाऱ्या हातांचे काय? त्यांनी वही ठेवली नाही. शागीर्द आता ते काम शिकत नाहीत, आणि उस्ताद गेले की हुन्नरही जाईल.

आपल्या समाजाचा इतिहास कोणी लिहीत नाही, ही तक्रार आपण नेहमी करतो. मग सुरुवात घरापासून करू. तुमच्या मामांनी, चाचांनी गॅरेजात आयुष्य काढले असेल तर या जुम्याला त्यांच्याजवळ बसा. दोरी कुठून ओढायला सुरुवात करायची, ते विचारा आणि लिहून ठेवा. त्यांच्या नावासकट.