दोन फिती

दिवाळीच्या आधी माळा आवरताना आबांची लोखंडी ट्रंक खाली काढली. हिरवा रंग उडालेला, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नंबर आणि नाव, तेही अर्धं पुसलेलं. आत विशेष काही नव्हतं. दोन पट्टे, एक मग, पेन्शनचे जुने कागद आणि खाकी पुठ्ठ्याची एक वही. वही उघडली आणि आवरायचं काम तिथेच थांबलं. (हे घरी चालत नाही, पण असो.)

वहीत डाव्या बाजूला इंग्रजी अक्षरं होती आणि उजव्या बाजूला बाळबोध देवनागरी. आधी वाटलं, आबा इंग्रजी शिकत होते. नीट वाचलं तर ते इंग्रजी नव्हतंच. पी-ए-एन-आय आणि समोर ‘पानी’. डी-यू-एस-एच-एम-ए-एन आणि समोर ‘दुश्मन’. म्हणजे उर्दू, पण इंग्रजी लिपीत लिहिलेली. साताऱ्याकडच्या एका खेड्यातला, मराठी चौथी शिकलेला पोरगा १९४३ साली पलटणीत गेला आणि तिथे एक नवी भाषा नव्या लिपीत शिकू लागला. एकदम दोन्ही! हे सगळं कशासाठी, तर नाईक होण्यासाठी.

ती ‘रोमन उर्दू’. ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत पठाण, पंजाबी, मराठा, गढवाली, मद्रासी असे सगळे होते. त्यांना आपसात आणि साहेबांशी बोलायला एक भाषा हवी होती. भाषा हिंदुस्थानी ठरली आणि लिपी साहेबांच्या सोयीची, रोमन. तिसऱ्या वर्गाचा दाखला, मग दुसऱ्याचा, मग पहिल्याचा, अशा पायऱ्या होत्या. वरचा हुद्दा हवा तर वरचा दाखला हवा. १९०९ साली अलाहाबादेहून सुरू झालेला ‘फौजी अखबार’ही या लिपीत निघायचा. १९५४ साली त्याचं ‘सैनिक समाचार’ झालं, तोवर फौजेत देवनागरी हिंदीने रोमनची जागा घ्यायला सुरुवात केली होती.

वही चाळताना एक गंमत दिसली. या लिपीत ‘ळ’ला जागाच नाही. आबांनी सरावासाठी गावातल्या माणसांची नावं लिहिली होती. बाळू, काळू, धोंडाळे. सगळ्यांचा ‘ळ’ जाऊन ‘ल’ झालेला. शेजारी देवनागरीत मात्र ‘ळ’ ठळक गिरवलेला, जणू परत मिळवलेला.

बढतीच्या या परीक्षेचा इतिहास शोधायला लागलो तेव्हा कळलं की शिपायाला बढती कशी द्यावी यावर फार मोठी भांडणं झालेली आहेत.

‘नाईक’ हा हुद्दा काही इंग्रजांनी आणलेला नाही. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिली गेली. तिच्यात शिवाजी महाराजांच्या पायदळाची रचना आहे. नऊ-दहा पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, दोन-तीन हवालदारांवर एक जुमलेदार. कंपनी सरकारने पलटणी उभारल्या तेव्हा नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार ही देशी नावं तशीच उचलली. जमादाराचं ‘नायब सुभेदार’ झालं ते थेट १९६५ साली.

नावं सगळीकडे सारखी असली तरी बढतीची रीत सारखी नव्हती. कंपनीच्या तीन फौजा होत्या, बंगाल, मद्रास आणि मुंबई. बंगालच्या फौजेत ज्येष्ठतेवर बढती मिळायची. आधी लागलेला आधी वर जाणार. मोठा गुन्हा केला नाही, मेला नाही आणि थांबला, तर पाळी येणार. सोळाव्या वर्षी लागलेला शिपाई पस्तिशी उलटल्यावर नाईक, पन्नाशीनंतर जमादार आणि साठीला सुभेदार, असा साधारण हिशोब होता. साठीचा सुभेदार! गुडघे गेलेले, नजर अधू झालेली, आणि हाताखाली शंभरेक तरणी पोरं.

सीताराम पांडे हे याचं प्रसिद्ध उदाहरण. १८१२ साली तो फौजेत गेला, गुरखा युद्धापासून अफगाणिस्तानापर्यंत लढला, कैद भोगली, जखमा सोसल्या, आणि सुभेदार झाला तो साठी उलटल्यावर, १८६० साली पेन्शनीत जायच्या तोंडावर. त्याचं आत्मचरित्र नॉरगेट नावाच्या अधिकाऱ्याने इंग्रजीत आणलं. १८७३ साली ते लाहोरला छापलं गेलं. (ते अस्सल की कुणा साहेबाने रचलेलं, यावर अभ्यासकांचा वाद आहे.) पुढे हे पुस्तक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हिंदुस्थानी भाषेच्या परीक्षेला लावलं गेलं. ज्याला एकेका पायरीसाठी दहा-दहा वर्षं वाट पाहावी लागली, त्याचीच कहाणी पाठ करून तरुण साहेब आपली परीक्षा पास होत होते.

मुंबईच्या फौजेत वेगळी रीत होती. तिथे निवड व्हायची. कमांडिंग अधिकाऱ्याला जो लायक वाटेल तो वर, मग तो आधीचा असो वा नंतरचा. आणि जात बघितली जायची नाही, निदान रांगेत तरी. बंगालच्या फौजेत अवध-बिहारकडच्या ब्राह्मण-राजपुतांचा भरणा, आणि इकडे एकाच रांगेत मराठा, महार, ब्राह्मण, मुसलमान. सिंधमध्ये घोडदळ उभं करणारा जॉन जेकब (जेकबाबाद त्याच्याच नावाचं) बंगालच्या पद्धतीवर १८५७ च्या आधीपासून तुटून पडत होता. नुसत्या ज्येष्ठतेवर हुद्दे दिले तर हुद्द्यावर माणूस उरत नाही, वय तेवढं उरतं, असा त्याचा एकंदर मुद्दा.

हे सगळं पणाला लागलं १८५७ साली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडेने गोळी झाडली तेव्हा गार्डावर जमादार ईश्वरी प्रसाद होता. त्याने पांडेला धरायचा हुकूम दिला नाही. पुढच्या महिन्यात त्यालाही फाशी झाली. पांडेला कमरेला मिठी घालून धरून ठेवणारा शेख पलटू हा साधा शिपाई. जनरल हिअर्सीने त्याला जागच्या जागी हवालदार केलं. ना परीक्षा, ना ज्येष्ठता! आणि असं परस्पर हवालदार करायचा तुम्हाला अधिकार नाही, म्हणून हिअर्सीला वरून बोल लागला. आज आपण मंगल पांडेच्या बाजूने उभे राहतो आणि ते योग्यच आहे. पण बढतीच्या इतिहासात ही दोन माणसं मला सारखी खुणावतात. एकाकडे हुद्दा होता आणि हुकूम त्याच्या तोंडून निघेना. दुसऱ्याकडे हुद्दा नव्हता, तो त्याला मिळाला, पण कशाच्या बदल्यात!

मात्र ज्येष्ठतेची बाजू अगदीच पोकळ नव्हती. गरीब शिपायाला तो एक भरवसा होता. साहेबाची मर्जी फिरली, कुणी कान भरले, तरी पाळी चुकणार नाही. निवड म्हटली की निवडणारा आला, आणि निवडणारा आला की त्याच्या मागे-पुढे करणारे आले. आपल्या हापिसांमध्ये आजही हा वाद अगदी या शब्दांत चालतो, नाही का? १८५८ साली नेमलेल्या पील कमिशनपुढेही तो झाला, आणि हळूहळू सगळीकडे निवड आणि परीक्षा यांचं पारडं जड झालं.

परीक्षा आली की शाळा आली. मुंबईच्या पलटणींबरोबर शाळा असायच्या, पोरांसाठी आणि शिपायांसाठीही. त्या शाळांनी महाराष्ट्राचा इतिहास बदलला असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. गावात ज्यांना पाटीला हात लावायची बंदी होती, त्या घरांतली माणसं छावणीत लिहायला-वाचायला शिकली. रामजी सकपाळ हे त्यांतलेच. स्वतः शिकले, पुण्याच्या पंतोजींच्या शाळेत तयार झाले, लष्करी शाळेचे हेडमास्तर झाले आणि सुभेदार हुद्द्यापर्यंत चढले. त्यांचा मुलगा १८९१ साली महूच्या छावणीत जन्मला. तो मुलगा म्हणजे भीमराव.

आणि त्याच सुमारास, १८९२-९३ च्या आगेमागे, सरकारने महारांची भरती बंद केली. लढवय्या जाती आणि बिगर-लढवय्या जाती असं नवं शास्त्र निघालं होतं. १८१८ साली कोरेगावला लढलेल्यांचे नातू अचानक लढवय्ये राहिले नाहीत. फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे १९०४ आणि १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात १९१७ साली महारांची पलटण उभी राहिली आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडली गेली. शेवटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

परीक्षेत नापास होणं वेगळं आणि परीक्षेला बसूच न देणं वेगळं. आबा नापास झाले होते. पण बसू तरी दिलं होतं, हे मला आत्ता, हे लिहिताना जाणवतंय.

हो, आबा पहिल्यांदा नापास झाले होते. घरच्या मंडळींना ही गोष्ट माहीत आहे, पण प्रत्येकाकडे वेगळी. मी त्यांच्या तोंडून ऐकलेली सांगतो. काका, चुकलं तर सांगा.

१९४६ साल. त्यांनी महिनाभर तयारी केली. रात्री कंदिलाखाली ती वही. दिवसा नकाशा, कंपास, बंदूक डोळे बांधून खोलणं-जोडणं. मोकळ्या माळावर उभं राहून झाडांना ड्रिलचे हुकूम द्यायचे, आवाज फुटावा म्हणून. “झाडं काय हलत नव्हती, पर बैलं थांबायची,” असं सांगून स्वतःच हसायचे. कपड्यांची इस्त्री, पितळेला ब्रासो, बूट असे की त्यात मिशी दिसावी.

बोर्डासमोर लेखी बरं गेलं. ड्रिल उत्तम. नकाशा ठीक. शेवटी साहेबाने एकच विचारलं. तुझ्या सेक्शनमधला तुझ्याच गावचा गडी रात्री पहाऱ्यावर झोपलेला सापडला, तर काय करशील?

आबा म्हणाले, “उठवीन साहेब, आणि त्याच्या जागी मी उभा राहीन.”

साहेब काही बोलला नाही. निकालात नाव नव्हतं. उस्ताद एवढंच म्हणाला, अगले साल.

पुढच्या वर्षी पुन्हा बोर्ड, पुन्हा तसाच प्रश्न. या वेळी आबांनी सांगितलं, “रिपोर्ट करीन.” दोन फिती मिळाल्या.

मी लहान होतो तेव्हा विचारलं होतं, “आबा, मग पहिलं उत्तर चूक होतं का?” ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. म्हणाले, “पहिलं शिपायाचं हुतं. दुसरं नायकाचं.”

तेव्हा हे उत्तर मला फार भारी वाटलं होतं. पुढचं आजीने सांगितलं, आबा गेल्यानंतर. १९४८ च्या हिवाळ्यात डोंगरातल्या एका ठाण्यावर खरोखर तसं घडलं. गडी गावचाच होता. आबांनी रिपोर्ट केला. त्याला शिक्षा झाली. त्या घराने पुन्हा कधी आमच्या घरी लग्नाची अक्षत धाडली नाही. आबा दर वर्षी जत्रेत त्यांच्या दारावरून जायचे, थांबायचे नाहीत आणि वाटही बदलायचे नाहीत.

नाईक म्हणजे काय, हे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात दिसलं होतं. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे, वय २२. समोरून मशीनगनचा मारा आला आणि त्यांच्या सेक्शनमधला एकूण एक जवान मेला किंवा जखमी झाला. उरले एकटे घाडगे. ते तसेच धावून गेले, ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक उलटी धरून लढले आणि मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या आठ-दहा जणांची जबाबदारी म्हणजे दोन फिती. पहाऱ्यावर एक झोपला तर बाकीचे सकाळ बघतीलच असं नाही. साहेबाला तेच विचारायचं होतं, असं आता वाटतं. तुझा गडी की तुझे दहा?

तरीही मला पहिलं उत्तर टाकवत नाही. ज्याला ते सुचलंच नसतं, त्याने दुसरं दिलं असतं तर त्यात काय मोठं? बोर्डाने आबांना एक वर्ष थांबवलं. त्या वर्षात त्यांनी काय पुसलं आणि काय ठेवलं, हे कुठल्याच दाखल्यावर लिहिलेलं नाही.

वही मी ट्रंकेत परत ठेवली नाही. इथे टेबलावर आहे. शेवटच्या पानावर रोमनमध्ये एकच नाव पाच-सहा वेळा गिरवलंय. ‘ळ’चा ‘ल’ झालेलं. आजीला दाखवायला ती आता नाही, पण तिने सांगितलेलं नाव मला आठवतं. ते त्याच गड्याचं नाव आहे.