वादळ १७४८ चं, कबुली १७८८ ची

आजचा एपिसोड इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका लाजिरवाण्या शनिवारपासून करतो.

शुक्रवारी संध्याकाळी मी एक छोटासा बदल प्रॉडक्शनवर टाकला आणि घरी गेलो. शनिवारी सकाळी सगळी सिस्टिम आडवी. कॉलवर वीस जण. वरून प्रश्न आला, "काल कुणी हात लावला होता?" मला उत्तर माहीत होतं. मी माइक म्यूट ठेवला. बोलणी बसली टीममधल्या सगळ्यात नवीन पोराला. त्याला खरं सांगायला मला अकरा दिवस लागले. तर तो शांतपणे म्हणाला, "दादा, मला माहीत होतं. लॉगमध्ये तुझं नाव आहे की."

हा 'लॉग' शब्द आपल्याकडे आलाय जहाजावरून. कप्तान रोज वहीत लिहायचा: वारा कुठला, किती अंतर कापलं, कोण आजारी, कोण मेलं. आजची गोष्ट अशीच वही लिहिणाऱ्या एका कप्तानाची आहे. नाव जॉन न्यूटन. 'अमेझिंग ग्रेस' हे गाणं तुम्ही सिनेमात किंवा रीलवर नक्की ऐकलं असेल. त्याचे शब्द याचे.

याची जी गोष्ट सगळीकडे फिरते ती अशी: गुलामांचा व्यापारी वादळात सापडला, देवाला हाक मारली, वाचला, व्यापार सोडला, गाणं लिहिलं. छान आहे. फक्त तारखा जुळत नाहीत. आणि खरी गोष्ट त्या तारखांच्या मधल्या फटीत आहे.

जन्म १७२५, लंडन. सात वर्षांचा व्हायच्या आत आई क्षयाने गेली. वडील व्यापारी जहाजाचे कप्तान, त्यामुळे अकराव्या वर्षी पोरगा समुद्रावर. पुढे त्याला जबरदस्तीने ब्रिटिश नौदलात भरती केलं, तिथून तो पळाला, पकडला गेला, सगळ्यांसमोर फटके खाल्ले. मग पश्चिम आफ्रिकेत गुलामांच्या एका व्यापाऱ्याकडे राहिला आणि तिथे स्वतःच उपाशी, आजारी, हाल काढत पडला. शेवटी वडिलांनी एका कप्तानाला सांगून ठेवलं होतं म्हणून 'ग्रेहाउंड' नावाच्या जहाजाने त्याला उचललं. तोवर त्याची जीभ अशी झाली होती की खलाशीसुद्धा दचकावेत. देवाला शिव्या घालणं हा त्याचा छंदच होता.

मार्च १७४८. उत्तर अटलांटिकमध्ये रात्री वादळ आलं, जहाजाची एक बाजू फुटली. न्यूटन तेव्हा बावीस वर्षांचा. वाहून जाऊ नये म्हणून त्याने स्वतःला बांधून घेतलं आणि तासन्‌तास पंपाने पाणी उपसत राहिला. जहाजात मेण आणि लाकूड भरलेलं होतं, हलका माल, म्हणून ते तरंगत राहिलं. त्या गडबडीत त्याच्या तोंडून सहज निघून गेलं की आता देवानेच दया करावी. आणि मग तो स्वतःच थबकला. माझ्यासारख्यावर कसली दया? सुमारे चार आठवड्यांनी ते जहाज आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलं. वादळाचा तो दिवस नव्या कॅलेंडरप्रमाणे २१ मार्चचा, आणि न्यूटनने तो आयुष्यभर पाळला.

आता फट बघा. त्याच वर्षी तो गुलामांच्या जहाजावर पुन्हा कामाला लागला. १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून त्याने तीन फेऱ्या केल्या. म्हणजे वादळाच्या *नंतर*. रविवारी खलाशांसाठी उपासना घ्यायचा, बायकोला प्रेमाची पत्रं लिहायचा, बायबल वाचायचा. आणि डेकखाली साखळदंडात माणसं. १७५२ च्या डिसेंबरमध्ये उठावाचा कट आहे असा संशय आल्यावर त्याने काही मुलांकडून कबुली काढायला अंगठे दाबायचा स्क्रू वापरला. हे आपल्याला कसं कळतं? त्यानेच वहीत लिहून ठेवलंय. लॉगमध्ये नाव असतं.

कळस म्हणजे पुढे त्याने असंही लिहिलं, की त्या फेऱ्यांमध्ये आपल्याला देवाची जवळीक फार वाटायची. तेव्हा तो धंदा प्रतिष्ठेचा मानला जायचा, कायदेशीर होता, आणि त्याचं मन त्याला टोचत नव्हतं. १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला तोही झटका येऊन तब्येत बिघडली म्हणून. पश्चात्ताप झाला म्हणून नाही.

इथे मी अडकलो होतो. ही कसली पापक्षमा, जिच्यात माणसाला आपलं सगळ्यात मोठं पापच दिसत नाही?

याचं उत्तर शोधताना ख्रिस्ती विचारातली एक जुनी गोष्ट समजून घ्यावी लागते. बायबलमध्ये यशया नावाचा संदेष्टा आहे. सहाव्या अध्यायात त्याला मंदिरात देवाचं दर्शन होतं आणि तो घाबरतो, कारण आपले ओठ अशुद्ध आहेत. एक देवदूत वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लावतो आणि सांगतो की दोष गेला. त्याच्या *नंतर* देव विचारतो, कुणाला पाठवू? आणि तो पुढे होतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी सुटका, मग पाचारण. म्हणजे सेवा करून दोष फेडायचा असा हिशोब नाहीच. दोष फुकट गेलाय, म्हणून आता हात मोकळे आहेत.

न्यूटनचं पाचारण हळूहळू आलं. लिव्हरपूलला त्याला जकात खात्यात नोकरी लागली. फावल्या वेळात तो ग्रीक आणि हिब्रू शिकला. पाळक व्हायला अर्ज केला तर नकार. वर्षानुवर्षं नकार. अखेर १७६४ मध्ये दीक्षा मिळाली आणि तो ऑल्नी नावाच्या छोट्या गावात गेला. विल्यम कूपर हा कवी तिथे राहायला आला आणि दोघांनी मिळून गीतं लिहिली. 'अमेझिंग ग्रेस' १७७३ च्या नव्या वर्षाच्या उपासनेसाठीचं, म्हणजे वादळानंतर पंचवीस वर्षांनी. आज आपण ऐकतो ती चाल तर त्या शब्दांना १८३५ मध्ये अमेरिकेत जोडली गेली.

१७८५ चा डिसेंबर. न्यूटन आता लंडनमध्ये पाळक. एक तरुण खासदार गुपचूप भेटायला आला, विल्यम विल्बरफोर्स, वय सव्वीस. त्याला नुकताच श्रद्धेचा अर्थ गवसला होता आणि प्रश्न पडला होता की राजकारण सोडून धर्मसेवा करू का? न्यूटनने सांगितलं, सोडू नकोस. जिथे आहेस तिथेच देवाची सेवा कर. पाचारण म्हणजे झगा घालणंच असं नाही. मला वाटतं हे वाक्य आपल्यासारख्या नोकरदार पोरापोरींसाठी जास्त महत्त्वाचं आहे.

मग १७८७ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लंडनमध्ये संघटना उभी राहिली. आणि १७८८ मध्ये, कप्तानपद सोडल्यावर चौतीस वर्षांनी, न्यूटनने एक पुस्तिका छापली: आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराविषयी. आत काय, तर कबुली. मी यात होतो, मी हे केलं, मला याची लाज वाटते, आणि ही कबुली फार उशिरा येतेय. माणसं फडताळातल्या पुस्तकांसारखी कशी रचून ठेवत, बायकांवर काय गुदरायचं, किती जण वाटेतच मरायचे, सगळं. ती पुस्तिका खासदारांपर्यंत पोहोचवली गेली. पुढे त्याने सरकारी चौकशीपुढे साक्षही दिली. हा आतला माणूस होता.

आता माझं मत. आमच्या क्षेत्रात काहीतरी मोठं बिघडलं की 'ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम' करायची पद्धत आहे. कुणाला शिक्षा होणार नाही असं आधीच ठरवायचं, म्हणजे मग लोक खरं बोलतात. भीती असली की माणूस लॉग लपवतो. न्यूटनच्या बाबतीत क्षमेने तेच केलं असावं, फक्त फार सावकाश. ज्याला स्वतःला वाचवायचं उरलं नव्हतं, तोच स्वतःविरुद्ध साक्ष देऊ शकला.

पण उपमा इथेच थांबते. माझा बग सोमवारपर्यंत दुरुस्त झाला. न्यूटनने विकलेली माणसं परत आली नाहीत. देवाने माफ केलं असं तो मानत होता. त्या माणसांना कुणी विचारलंच नाही. आणि ती चौतीस वर्षं कुठलंही गाणं भरून काढू शकत नाही. हे त्याला स्वतःलाही कळत होतं असं त्या पुस्तिकेवरून वाटतं.

मार्च १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बेकायदा ठरवला. गुलामगिरी रद्द करायचा कायदा आणखी पुढे, १८३३ मध्ये. न्यूटन डिसेंबर १८०७ मध्ये वारला, ८२ वर्षांचा. तो कायदा झालेला ऐकूनच गेला.

आणि माझं? त्या पोराने मला लगेच माफ केलं. खरं सांगायचं तर तिथेच विषय संपवावा असं वाटलं होतं. मग लक्षात आलं, की बोलणी त्याला सगळ्यांसमोर बसली होती आणि माफी मी मात्र चहाच्या टपरीवर मागितली. पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज थरथरत होता. पण त्या वेळी माइक म्यूट नव्हता.

तुमचा असा एखादा लॉग आहे का, जो अजून कुणी उघडून बघितला नाही? विचार करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!