रस कुणी पिळायचा?

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, आणि फोन ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "अगं, ते रस काढायचं मशीन कितीला येतं?"

आईने स्वतःहून काही मागणं ही आमच्या घरात बातमीच. तिच्या बोटांना संधिवाताने गेली काही वर्षं पार वाकवलंय. मूठ पुरती मिटत नाही. मोसंबीचा रस तिला फार आवडतो. कामाला येणाऱ्या मावशी सकाळी तो पिळून देतात. त्या आल्या नाहीत की मोसंबी टोपलीत तशीच. "त्या देतात गं, नाही कुठे म्हणतात. पण दुपारी चारला प्यावासा वाटला तर?" एवढंच म्हणाली.

मी घरच्या मंडळींना विचारलं आणि पस्तावले. दादा म्हणाला, घ्यायचा तर कोल्ड प्रेसच घे, पंधरा-वीस हजार गेले तरी चालतील, निम्मे मी देतो. वहिनी म्हणाली, मिक्सरला ज्यूसरचं भांडं असतंच की, वेगळं कशाला? नवऱ्याने मान वर न करता सांगितलं, "बाजारातून आण रस." चार माणसं, पाच मतं!

मग मी नेहमीसारखं केलं. दुकानात जायच्या आधी वाचत बसले. आठवडाभर वाचून एक गोष्ट लक्षात आली. रस काढायचं प्रत्येक यंत्र कुणाच्या तरी अडचणीतून जन्माला आलंय. आपण दुकानात उभे राहून वॅट आणि वॉरंटी बघतो, पण ते यंत्र मुळात कुणाची अडचण सोडवत होतं ते बघत नाही.

आमच्याकडे आजीच्या वेळचं एक काचेचं भांडं होतं. मध्ये खाचा असलेला उभा घुमट, भोवती रस साचायला खळगा, एका बाजूला चोच. तुमच्यापैकी कित्येकांच्या फडताळात असेल. हा आकार बराच जुना आहे. तुर्कस्तानातल्या कुताह्या गावची अठराव्या शतकातली मातीची, रंगवलेली अशी भांडी सापडतात. सरबताचा शौक असलेल्यांचा देश, त्यांना लिंबू पिळायची सोय हवी होती. साधी गरज, साधं उत्तर.

त्याच शतकात रसाकडे कुणीतरी जिवाच्या आकांताने बघत होतं. लांबच्या सफरीवरचे खलाशी स्कर्व्हीने मरत. हिरड्या सुजत, दात पडत, जुन्या जखमा पुन्हा उघडत. १७४७ साली जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने सॅलिसबरी नावाच्या जहाजावर बारा रोगी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तेवढ्यात त्या दोघांतला एक कामावर जाण्याइतका बरा झाला होता.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जहाजावर ताजी फळं टिकायची कशी? तर लिंडने तोडगा सुचवला, रस तासन् तास तापवून आटवायचा आणि बाटलीत भरायचा. तापवण्यात नेमकं जे हवं होतं तेच जायचं. 'क' जीवनसत्त्व हा शब्दही तेव्हा जन्मायचा होता, त्यामुळे काय हरवलं हे कुणाला कळणार? शेवटी १७९५ साली ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस शिध्यात रीतसर सुरू केला.

तेव्हा 'उष्णतेने रसाचा कस जातो' हे काही खोटं नाही. पण ते तासन् तास आटवलेल्या रसाबद्दल खरं आहे. मिक्सरच्या ज्यूसरमधून काही सेकंदांत खाली येणारा रस असा कितीसा तापणार? दादाला हे सांगितलं. तो म्हणाला, "तू वाद घालायला वाचतेस."

असो. आता आजीच्या काचेच्या भांड्याकडे परत. न्याहारीला संत्र्याचा रस ही अमेरिकेची सनातन परंपरा असावी असा माझा समज होता. कसली परंपरा! कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांचा सहकारी संघ होता, त्याचा 'सनकिस्ट' हा छाप. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे संत्र्यांचं एवढं पीक येऊ लागलं की खपेना. आपल्याकडच्या कांदा-टोमॅटोवाल्यांना हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको. त्यांचं जाहिरातीचं काम बघणाऱ्या अल्बर्ट लास्करच्या कंपनीने तोड काढली. लोकांना संत्रं खायला नको, प्यायला सांगा! १९१६ साली 'संत्रं प्या' ही मोहीम सुरू झाली, आणि तिच्याबरोबर दहा सेंटला एक काचेचं रस काढायचं भांडं. आजीच्या भांड्याचंच भावंडं.

हिशेब सोपा होता. खायला बसलं तर एका संत्र्यात माणूस तृप्त होतो. पेला भरायचा तर दोन-तीन लागतात. म्हणजे न्याहारीचा तो पेला आधी शेतकऱ्याच्या अडचणीसाठी भरला गेला, आरोग्याचा क्रमांक नंतरचा. मला यात वाईट काही दिसत नाही. संत्री सडण्यापेक्षा कुणाच्या पोटात गेलेली बरी. फक्त पेला हातात घेताना तो तीन फळांचा आहे, आणि चोथा बाहेर राहून साखर मात्र आत आली आहे, एवढं लक्षात असावं. आईला मधुमेह नाही. तरी तिच्या डॉक्टरांनी 'छोटा पेला' असं बजावून सांगितलंय.

दादाच्या कोल्ड प्रेसचं मूळ निघालं नॉर्मन वॉकर या गृहस्थांकडे. १९३०च्या दशकात अमेरिकेत त्यांनी कच्च्या भाज्यांच्या रसाचा मोठाच प्रचार केला आणि आपल्या नावावरून 'नॉरवॉक' नावाचं यंत्र काढलं. आधी भाजी बारीक कुटायची, मग तो लगदा कापडात बांधून जबरदस्त दाबाखाली पिळायचा. वॉकर यांचा सगळा भर भाजीतल्या 'जिवंत' विकरांवर. आता विकरं म्हणजे शेवटी प्रथिनंच, आणि आपलं पोट ती इतर प्रथिनांसारखी बहुतेक पचवूनच टाकतं. पण श्रद्धेपुढे पोटाचं कोण ऐकतो? वॉकर जाऊन इतकी वर्षं झाली तरी काही भक्तमंडळी त्यांचं वय शंभराच्या बरंच पुढे नेऊन ठेवतात. ते जन्मले १८८६ साली आणि गेले १९८५ साली. म्हणजे नव्व्याण्णव. नव्व्याण्णव काय कमी आहेत?

आजचे घरगुती कोल्ड प्रेस कापडाने पिळत नाहीत. त्यांच्यात एक जाडजूड मळसूत्र असतं. ते मिनिटाला साधारण चाळीस ते ऐंशी फेरे घेत फळ जाळीवर दाबत नेतं. वाचता वाचता मला हसू आलं. हळू फिरायचं, दाबायचं, एका बाजूने रस आणि दुसऱ्या बाजूने कोरडा चोथा... अहो, हा तर आपला चरक! गुऱ्हाळावर बैल फिरायचे ते काही मिनिटाला हजार फेरे घालत नव्हते.

मिक्सरच्या ज्यूसरची तऱ्हा उलटी. तळाशी दातेरी चकती, भोवती जाळीची टोपली, आणि सगळं मिनिटाला हजारो फेऱ्यांनी गरगर फिरतं. फळ किसलं जातं आणि रस जाळीतून बाहेर फेकला जातो. काम झटपट होतं, पण हवा मिसळून वर फेस येतो आणि चोथा ओलाच राहतो. पालकाचा किंवा कोथिंबिरीचा रस काढायचा तर चरकवालाच बरा. गाजराला दोन्ही चालतात.

वहिनीच्या मिक्सरची कथा मात्र अस्सल आपली आहे. साठच्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांच्याकडे ब्राउन कंपनीचा जर्मन मिक्सर होता. युरोपातल्या हलक्याफुलक्या कामांसाठी बनवलेला. आपल्याकडच्या वाटण-घाटणापुढे त्याची मोटर जळाली. दुरुस्तीची इथे सोय नव्हती. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर. त्यांनी भारतीय वाटण सोसेल अशी मोटर घेऊन स्वतःच मिक्सर बनवायचं मनावर घेतलं. १९६३ साली त्यातून 'सुमीत' आला. पुढची तीसएक वर्षं आपल्याकडे लग्नाच्या याद्यांत 'मिक्सर' म्हटलं की बऱ्याच घरांत सुमीतच अभिप्रेत असे.

हे वाचताना मी क्षणभर थांबले. तो जर्मन मिक्सर वाईट नव्हता. तो फक्त दुसऱ्या स्वयंपाकघराच्या अडचणीचं उत्तर होता.

अडचणच नसताना उत्तर काढलं तर काय होतं, याचाही दाखला आहे. ज्युसेरो नावाचं यंत्र २०१६ साली अमेरिकेत ६९९ डॉलरला आलं, पुढे ३९९ला. त्याला वाय-फाय! कंपनीकडून चिरलेल्या फळा-भाज्यांची पाकिटं घ्यायची आणि यंत्रात घालून दाबायची. गुंतवणूकदारांनी सुमारे १२ कोटी डॉलर ओतले होते. एप्रिल २०१७मध्ये ब्लूमबर्गच्या पत्रकारांनी दाखवून दिलं की तीच पाकिटं नुसत्या हातांनी पिळली तरी जवळपास तेवढाच रस तेवढ्याच वेळात निघतो. सप्टेंबरात कंपनीने गाशा गुंडाळला. सगळं जग हसलं. मीही हसले. आणि मग आईचे हात डोळ्यांपुढे आले. 'नुसत्या हातांनी' हे दोन शब्द लिहायला किती सोपे आहेत.

इथून पुढे मी यंत्रं बाजूला ठेवली आणि मोसंबी हातात घेतली. अक्षरशः. एक मोसंबी घेऊन ओट्यापाशी उभी राहिले आणि आईच्या बोटांनी काय काय जमणार नाही ते मनात मोजू लागले.

कोल्ड प्रेस असो की मिक्सरचा ज्यूसर, मोसंबी आधी सोलावी लागते. सालीतलं तेल रसात उतरलं तर तोंडात घेववत नाही. बिया भरडल्या गेल्या की आणखी कडू. नागपुरी संत्र्याचा रस बाटलीबंद करणाऱ्यांची ही जुनीच डोकेदुखी. फळात, विशेषतः बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यांत, एक बेचव द्रव्य असतं. फळ चिरडलं की ते आंबट रसात मिसळतं आणि हळूहळू त्याचं लिमोनिन नावाचं कडू द्रव्य होतं. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि तासाभराने तोच कडवटतो. मावशींनी सकाळी काढून झाकून ठेवलेला रस आई दुपारी का पीत नव्हती, याचा मला तेव्हा उलगडा झाला. मला वाटायचं, ती उगाच नखरे करते.

म्हणजे रस हवा तेव्हाच काढायला हवा. फळ चिरडून चालणार नाही, फक्त पिळायला हवं. आणि सोलणं तर आईला जमणारच नाही. या तिन्ही अटी पाळणारं एकच यंत्र उरतं. ते आजीचं काचेचं भांडं! तिथे मोसंबी सोलायची नसते, आडवी अर्धी कापायची. साल हीच धरायची वाटी. रस निघतो, साल जशीच्या तशी हातात राहते, बिया वर अडकतात. कुताह्याच्या कुंभारांना जे उमगलं होतं ते पंधरा-वीस हजारांच्या यंत्राला जमत नाही, कारण त्याची अडचणच वेगळी आहे.

फक्त एक खोट. त्या भांड्यावर मनगट फिरवावं लागतं, नेमकं तेच आईला जमत नाही. त्यावरही उपाय आहे. तोच घुमट खाली मोटरवर फिरतो आणि वरून एक दांडा दाबायचा. दांड्याला मूठ लागत नाही, तळहात पुरतो. तळहात दुखत असेल तर कोपरापुढचा हात. कापायला करवतीसारखे दाते असलेली, जाड मुठीची पावाची सुरी. आणि धुवायला घुमट, जाळी, वाटी. नळाखाली धरलं की झालं. दादाच्या यंत्राचे सुटे भाग मी मोजले होते. त्या जाळीत ब्रश घालून घासायला पुन्हा मावशीच लागल्या असत्या.

दादाला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "एवढं वाचून शेवटी आजीचंच भांडं आणलंस." मग थोडं थांबून म्हणाला, "त्याचे निम्मे घे माझ्याकडून."

मी गेल्या आठवड्यात ते घेऊन गेले. पहिली मोसंबी आईने वेडीवाकडी कापली, एक अर्ध मोठं आणि एक लहान. मी पुढे सरसावले तर म्हणाली, "तू बस तिकडे." दांड्यावर तळहात ठेवला, मोटर घुर्रकन फिरली, ती जराशी दचकली. रस निम्मा वाटीत, थोडा ओट्यावर. दुसरी मोसंबी बरी जमली.

परवा चारच्या सुमारास मीच फोन केला. "घेतलास का रस?" विचारलं.

"घेतला. आणि आज मावशींना उशीर झाला होता, उन्हातून आल्या बिचाऱ्या. त्यांनाही काढून दिला."

तुमच्याकडेही ते काचेचं भांडं असेल तर बघा जरा, कुठल्या फळीवर मागे गेलंय ते. आमचं कडेला टवका उडालेलं आहे. आई म्हणते, लिंबाला चालतं, राहू दे.