कच्च्या लिंबाचे दिवस संपताना: सावंतवाडीची चितारआळी आणि वाढत्या मुलाची भेट

मालवणच्या किनारपट्टीवर मुलाचा तेरावा वाढदिवस वेगळा मानून त्याला भेट देण्याची पद्धत अलीकडची आहे. जुन्या घरांत वाढदिवस तिथीने येई, त्या दिवशी मुलाला पाटावर बसवून औक्षण होई, गोडाचे काही रांधले जाई आणि देवापुढे दिवा लागे. वस्तू विकत आणून देणे हा त्या दिवसाचा भाग नव्हता. शिवाय तेरा या आकड्याला मराठीत उंबरठ्याचा अर्थ कधी नव्हता. इंग्रजीत तेरापासून एकोणीसपर्यंतच्या आकड्यांच्या नावांना एकच शेपूट असल्यामुळे त्या वयाच्या मुलांना ‘टीनएजर’ हे नाव मिळाले आणि 1940च्या दशकात अमेरिकेतून ते जगभर रुळले. मराठी बोलीने मात्र वय आकड्यावरून न मोजता अंगावरून मोजले आणि ‘मिसरूड फुटले’ एवढ्या दोन शब्दांत काम भागवले. गृह्यसूत्रांनी उपनयनासाठी, म्हणजे मुंजीसाठी, वर्णानुसार आठवे, अकरावे आणि बारावे वर्ष सांगितले, तर मुलाला सोळावे लागले की त्याच्याशी मित्रासारखे वागावे असे नीतिवचनाने सांगितले. तेरावे वर्ष या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत पडते.

तरीही मूल मोठे झाल्याची खूण या किनाऱ्याला ठाऊक होती, आणि ती कामात दिसे. गाबीत मच्छीमारांच्या वस्तीत रापण ओढली जाते, म्हणजे होडीतून समुद्रात गोल फिरवून टाकलेले लांबलचक जाळे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी अनेक माणसे मिळून ओढतात, आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. ज्या झिलाने, म्हणजे मालवणीतल्या मुलाने, दोराला हात लावून पाय वाळूत रोवले, त्याचा स्वतःचा वाटा पडू लागणे हीच त्याच्या मोठेपणाची पावती होती. खेळातही याला समांतर शब्द आहे. ज्या लहानग्याला मोठी मुले खेळात घेतात पण ज्याच्यावर राज्य येत नाही, त्याला मराठीत ‘कच्चा लिंबू’ किंवा ‘लिंबूटिंबू’ म्हणतात. त्या नावातून सुटका होणे ही वाढत्या मुलाची खरी इच्छा असते, आणि त्याच्यासाठी भेट निवडताना प्रश्न वस्तूच्या किमतीपेक्षा या सुटकेचा अधिक असतो.

या दृष्टीने सावंतवाडीची चितारआळी पाहण्यासारखी आहे. आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात असलेले हे गाव सावंत-भोसले घराण्याच्या संस्थानाची राजधानी होते, आणि लाकडावर रंगकाम करणाऱ्या चिताऱ्यांची वस्ती त्याच आश्रयाखाली वाढली. पांगाऱ्याचे लाकूड हलके आणि मऊ असल्यामुळे त्याची फळे, भाज्या व बाहुल्या होत. कातकामात, म्हणजे फिरत्या लाकडाला हत्याराने आकार देण्याच्या कामात, घाट तयार झाला की फिरत्या वस्तूवरच रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते, आणि मग केवड्याचे पान दाबून घासले की तिला झळाळी येते. पाळणा, भातुकली, पाट, चौरंग अशा वस्तूंनी दुकाने भरलेली असत, आणि त्यांचा क्रम पाहिला तर त्यात माणसाचे आयुष्यच मांडलेले दिसते: पाळणा तान्ह्याचा, भातुकली आणि भोवरा खेळत्या वयाचा, तर रुखवतात मांडायच्या वस्तू थेट लग्नाच्या. भोवरा, त्याची लोखंडी आर आणि गुंडाळायची जाळी हाती आली की मुलाचे काही पावसाळे निघत. पण त्यानंतर लग्नाच्या पाटापर्यंत फारसे काही उरत नाही. ही पोकळी भरणारी वस्तू त्याच आळीत तयार होत असे, ती म्हणजे गंजिफा.

गंजिफा ही हाताने रंगवलेली गोल पत्त्यांची चवड. हिंदुस्थानातल्या तिच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी एक भेटीचीच आहे: बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्या, कारण शाह हसनला त्यांची आवड होती. मुघली गंजिफेत आठ रंगांची मिळून 96 पाने असतात. दशावतारी गंजिफेत मात्र विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा, म्हणजे एकूण 120 पाने असतात. तेलंगणातून आलेल्या विद्वानांनी हा खेळ सावंतवाडीच्या दरबारात आणला, असे परंपरा सांगते. चिंचोक्याची खळ आणि खडू यांचे थर देऊन कडक केलेल्या चकत्या घोटून गुळगुळीत करायच्या, मग बारीक कुंचल्याने एकेक चित्र काढायचे आणि वर लाखेचा हात द्यायचा, असे हे काम आहे. नक्षीदार काठाची चवड दरबारी आणि साध्या काठाची बाजारी म्हणवली जाई. दोन्हींची पेटीही रंगवलेली असे.

तेराव्या वर्षाला ही वस्तू जशी शोभते तशी आळीतली दुसरी कोणतीच शोभत नाही. या मुलुखातल्या मुलाला अवतार पुस्तकातून शिकावे लागत नाहीत; जत्रेत रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकाच्या आरंभी वेद पळवणारा संकासुर त्याने लहानपणी भीतभीत पाहिलेला असतो, आणि पेटीतला पहिला रंग त्याच संकासुराला मारणाऱ्या मत्स्याचा निघतो. ओळखीच्या या चित्रांमागचा खेळ मात्र कठीण आहे. निम्म्या रंगांत दहा हे पान राजा-प्रधानांच्या खालोखाल मोठे, तर उरलेल्या निम्म्यांत तेच सर्वांत लहान. एकही रंग हुकमाचा नसतो, त्यामुळे कोणती पाने पडून गेली हे लक्षात ठेवल्याशिवाय हात मिळत नाही. कच्च्या लिंबाला या डावात जागाच नाही.

स्वस्त छापील 52 पत्त्यांनी ही कला जवळजवळ बुडवली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध चिताऱ्यांकडचे ज्ञान टिपून 1970च्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना काम दिले, म्हणून ती आज शिल्लक आहे. मात्र आता बहुतेक पेट्या काचेच्या कपाटात जातात, आणि ही हानी कला बुडण्याइतकीच मोठी आहे, कारण चित्रे वाचली तरी खेळणारे संपले तर पाने मुकी होतात. मुलाला पेटी द्यायची तर देणाऱ्यालाही मांडी घालून बसावे लागते: तिघे जमवायचे, पाने पिसून प्रत्येकी चाळीस वाटायची, आणि डाव दिवसा मांडला असेल तर रामाचा राजा, दिवेलागणीनंतर मांडला असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती आला त्याने उतारी करायची, मग तो घरातला सर्वांत धाकटा का असेना.