एका वारसनोंदीवरचे भाष्य

पणजोबांच्या मृत्यूनंतरची ही फेरफार नोंद, गाव नमुना 6 मधली, 1937 पूर्वीची. नावे गाळली आहेत.

«सदर खातेदार मयत»
नोंदीवरची तारीख वर्दीची आहे, मृत्यूची नव्हे. मृत्यूची तारीख कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना 14 मध्ये शोधावी; तिथे कारणाचाही रकाना असतो.

«वारस मुलगे 2, पैकी थोरला वय 5»
मुलींचा उल्लेख नाही. पण त्यावरून मुली नव्हत्या असे मानू नये. मुलगे असताना जमिनीला मुलीचे नाव लागतच नसे.

«अ.पा.क. आई»
अज्ञान पालनकर्ती. माझ्या मते सबंध नोंदीतला मोलाचा भाग हाच. पणजी इथे मालक नाही, वारसही नाही. मुलगे असलेल्या विधवेला तेव्हा घरातून पोटगी मिळे. मुलाइतका हिस्सा, तोही हयातीपुरता, तिला 1937 च्या कायद्याने मिळू लागला; पूर्ण हक्काची वारस ती ठरली 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने. तरी सारा भरणे, बियाणे आणणे, जमीन कसायला देणे, तलाठ्यासमोर उभे राहणे, हे पाच वर्षांच्या मुलाकडून होणारे नव्हते. तीन अक्षरांच्या या शेऱ्यामागे एक चालती शेती आहे आणि ती चालवणारी बाई आहे. घराण्याच्या वंशावळीत मात्र तिला जागा नाही, आणि हे मला फार लागते.

«इतर हक्कात तगाई बोजा»
तगाई म्हणजे सरकारने शेतकऱ्याला दिलेले कर्ज. विहीर-बांधासाठी 1883 च्या कायद्याखाली, बी-बैलांसाठी 1884 च्या. रक्कम कशासाठी घेतली ते नोंदीत नाही. फेड मात्र तिच्या काळात आली.

«वर्दी देणार, नि. डा. हा. अं.»
निशाणी डाव्या हाताचा अंगठा. सही येत नव्हती, एवढेच यातून कळते. व्यवहार कळत नव्हता असे त्यातून निघत नाही. वर्दी तिनेच दिली आहे.

«थोरला सज्ञान, सबब अ.पा.क. कमी»
ही पुढची, वेगळी नोंद. सज्ञान म्हणजे 18 पूर्ण; तेव्हा मधली तेरा वर्षे जमीन तिच्या हाताखाली होती. या नोंदीनंतर फेरफारात ती कुठेच येत नाही. तिच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून तिच्या मागे वारसनोंदही झाली नाही. तिच्या मृत्यूसाठी पुन्हा कोतवाल बुकच उघडावे लागते, आणि त्या गावची जुनी पाने मोडीत आहेत.