‘ॲव्हरेज किती देते?’ : टीटी शर्यत आणि पल्ल्याचे गणित

दुचाकी घेतल्यावर आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो, ‘ॲव्हरेज किती देते?’ वेगाच्या शर्यतीत या प्रश्नाला स्थान असेल असे सहसा वाटत नाही. परंतु जगातील एका अत्यंत ख्यातनाम मोटारसायकल शर्यतीचा आरंभ नेमका याच प्रश्नाने झाला आणि शंभर वर्षांनी विजेवरच्या गाड्यांनी तो त्याच बेटावर पुन्हा उभा केला. आजचा धागा त्याविषयी.

ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन हे छोटे बेट आहे. २८ मे १९०७ रोजी तेथे ‘टूरिस्ट ट्रॉफी’ म्हणजे टीटीची पहिली मोटारसायकल शर्यत झाली. नियम असा होता की, एका सिलिंडरच्या गाडीने गॅलनला किमान ९० मैल आणि दोन सिलिंडरच्या गाडीने ७५ मैल अंतर कापलेच पाहिजे. आपल्या हिशेबात लिटरला साधारण ३२ आणि २६.५ किलोमीटर. एका सिलिंडरच्या गटात चार्ली कोलियर जिंकला. त्याचा सरासरी वेग ताशी ३८.२१ मैल होता आणि त्याच्या गाडीने गॅलनला ९४.५ मैल दिले. चढावर पेडल मारण्याचीही मुभा होती, म्हणजे पेट्रोल वाचवायला पाय होतेच! १९०८ मध्ये पेडल गेले, १९०९ मध्ये इंधनाची अटही गेली. त्यानंतर टीटीचा इतिहास हा निव्वळ वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो.

१२ जून २००९ रोजी तेथे विजेवरच्या मोटारसायकलींची पहिली शर्यत झाली, ‘टीटीएक्सजीपी’ नावाने. पेट्रोलच्या गाड्या साधारण दोन फेऱ्यांनंतर इंधन भरून घेतात. येथे शर्यतच एका फेरीची, ६०.७ किलोमीटरची. रॉब बार्बर ताशी ८७.४३४ मैल, म्हणजे सुमारे १४१ किलोमीटर वेगाने जिंकला. गाडी होती ‘अग्नी’. ती कंपनी अरविंद राबडिया आणि सेड्रिक लिंच यांची, आणि तिच्या मोटारी गुजरातेत तयार होत. त्याच वर्षी जॉन मॅकगिनेसने पेट्रोलच्या गाडीवर ताशी १३१.५७८ मैलांची फेरी मारली होती. त्यामुळे ‘अग्नी’च्या आकड्याला हसणारे पुष्कळ होते. मला ते हसणे अन्यायाचे वाटते.

कारण त्या मार्गाची रचनाच तशी आहे. डग्लस शहरातून निघालेला रस्ता गावागावांतून सल्बीच्या लांब सरळ पट्ट्यावर येतो आणि रॅम्झी येथे समुद्रसपाटीजवळ उतरतो. तोवर सुमारे ३८ किलोमीटर झालेले असतात. आणि मग चढ सुरू होतो, थेट ४२० मीटरच्या आसपास उंचीपर्यंत. म्हणजे बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी झाल्यावर डोंगर समोर येतो. पेट्रोलची गाडी तोवर काहीशी हलकी झालेली असते. बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढ्याच वजनाची राहते.

तरीही खरा शत्रू डोंगर नव्हे. गाडी आणि स्वार मिळून ३०० किलो धरले तर ४०० मीटर चढण्याला मुळात एक तृतीयांश युनिट वीज पुरते, आणि माथ्यावरून डग्लसकडे उतरताना तिचा काही भाग उपयोगी पडतोच. वाऱ्याला दिलेली वीज मात्र कधीच परत येत नाही. तेवढ्याच अंतरासाठी हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वीज खातो: ताशी १६० ऐवजी १८० किलोमीटरने गेलात तर एका झटक्यात सव्वापटीहून अधिक. म्हणून काटकसर करायची ती चढावर नव्हे, तर सल्बीच्या सरळ रस्त्यावर, जिथे हात आपोआप मूठ पिळू पाहतो. तेथे वेग जरासा कमी ठेवला तर सेकंद थोडे जातात आणि वीज पुष्कळ वाचते. वळणाआधी करकचून ब्रेक लावण्यापेक्षा मूठ लवकर सोडणे, हाही त्याच हिशेबाचा भाग.

हिशेब ठेवायचा तरी कशावर? टाकीतले पेट्रोल मोजता येते. बॅटरीतील शिल्लक हा एक अंदाज असतो. जोर लावला की व्होल्टेज खाली येते, मूठ सोडली की पुन्हा थोडे वर चढते.

२०१० पासून ही शर्यत ‘टीटी झीरो’ झाली. सरासरी ताशी १०० मैल प्रथम गाठणाऱ्यास बेटाच्या सरकारने १०,००० पौंडांचे बक्षीस ठेवले. त्या वर्षी मार्क मिलर ९६.८२० वर थांबला. २०११ मध्ये मायकेल रटर ‘मोटोसिझ’ गाडीवर ९९.६०४ पर्यंत पोहोचला. वेळेत मांडले तर बक्षीस सुमारे साडेपाच सेकंदांनी हुकले. निव्वळ हवेच्या विरोधाचा विचार केला तर तेवढ्या वेगवाढीला एक टक्क्याहूनही कमी जादा वीज लागली असती. कागदावर आज हे सहज दिसते. डोंगरावर, डळमळत्या आकड्याकडे पाहत, ती शेवटची टक्केवारी खर्चायची की नाही हे ठरवणे वेगळे.

पुढच्याच वर्षी रटरने १०४.०५६ मैलांची सरासरी गाठली. २०१९ मध्ये जपानच्या ‘मुगेन’ गाडीवर त्याची फेरी १२१.९१ मैलांची झाली, म्हणजे ताशी १९६ किलोमीटर. त्यानंतर आयोजकांनी टीटी झीरो दोन वर्षांसाठी स्थगित केली.